कन्सोलमधल्या त्या ओळी

शनिवार पेठेतल्या एका जुन्या प्रेसमध्ये गेल्या पावसाळ्यात जुन्या फाँटमधला मराठी मजकूर आजच्या देवनागरीत आणणारं एक छोटंसं ॲप बसवून द्यायला गेलो होतो. बसवलं, चाललं, प्रेसवाल्या काकांनी त्यांच्या एका जुन्या दिवाळी अंकाचा मजकूर त्यात टाकला आणि खालच्या चौकटीत नीट वाचता येणारं देवनागरी उमटलं, काना मात्रा वेलांटी सगळं जागच्या जागी. काका खूश. चहा आला. आणि चहा पिता पिता सवयीने मी कन्सोल, म्हणजे चालू प्रोग्रॅमचे इशारे दाखवणारी खिडकी, उघडला तर तिथे ओळींमागून ओळी धावत होत्या, सगळ्या जवळजवळ एकसारख्या, फक्त ऑब्जेक्टचा पत्ता बदलत होता: क्लास एनएससीएफस्ट्रिंग, ऑटोरिलीज्ड विथ नो पूल इन प्लेस, जस्ट लीकिंग. काकांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले, "हे काय म्हणतंय ते?" मी म्हटलं, मेमरी घेतोय आणि परत करत नाहीये, असं म्हणतंय. "पण काम होतंय ना? मग त्या ओळींकडे कशाला बघतोस, बंद कर की ती खिडकी." त्यांनी अगदी सहज म्हटलं, त्यात चूक काहीच नव्हतं, काम खरंच होत होतं. पण ओंकारेश्वराच्या पुलावरून गाडी काढून घरी येईपर्यंत माझं डोकं त्या ओळींपाशीच होतं, कारण हाच प्रोग्रॅम माझ्या नव्या मॅकवर इतके दिवस चालत होता आणि तिथे कन्सोलमध्ये एक अक्षर आलेलं नव्हतं.

आधी ते मशीन तसं का ठेवलंय ते सांगतो, कारण "अहो नवीन घ्या ना" हे काकांना येणारा जाणारा प्रत्येक जण सांगून झालाय. पॉवर मॅक जी४ आहे, आरशासारख्या ड्राइव्हच्या दारांचा, २००२ सालचं मॉडेल. पंखे असे घोंघावतात की याला तेव्हा लोकांनी विंड टनेल नाव पाडलं होतं, प्रेसमध्ये बोलताना आपोआप आवाज चढतो. त्यावर टायगर आहे, म्हणजे मॅक ओएस दहाचं १०.४, आणि त्याच्या पुढे न्यायचं नाही हे काकांनी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवलंय. कारण क्लासिक. जुन्या ओएस नाइनचे प्रोग्रॅम ज्याच्या आत चालायचे ते क्लासिक टायगरपर्यंतच होतं, तेही इंटेलच्या आधीच्या पॉवरपीसी प्रोसेसरवरच. टायगरनंतरच्या, २००७ च्या लेपर्डमधून ते गेलं आणि इंटेलच्या मॅकवर तर ते कधी आलंच नाही. आणि काकांचे वीस-पंचवीस वर्षांचे दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, शतसांवत्सरिक म्हणून निघालेली जाडजूड पुस्तकं, हे सगळं क्वार्कएक्सप्रेस ४ मध्ये आणि काही पेजमेकरमध्ये आहे, दोन्ही पानं जुळवायचे प्रोग्रॅम. पेजमेकर तर मॅकवर शेवटपर्यंत क्लासिकमध्येच चालला. म्हणजे ओएस अपडेट केली की त्या फायली डिस्कवर असतील, दिसतील, पण उघडणार कशात?

त्यातून मजकूर काढला तरी तो मराठी नसतोच. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक, हे व्हायच्या आधीचे फाँट ते, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले. अर्धा क एका जागी, पूर्ण क दुसऱ्या, रफार तिसरीकडेच, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, कारण डोळ्याला ती आधी दिसते. फाँट काढून घेतला की मागे उरतात आकडे, डॉलर, फ्रेंचमधली टोपीवाली अक्षरं. आणि प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा, एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतसुद्धा वेगळा. मी घरच्यासाठी, म्हणजे आजोबांच्या काही जुन्या फायलींसाठी, असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारं ॲप नव्या मॅकवर लिहिलं होतं. काकांना ते हवं होतं पण त्याच मशीनवर हवं होतं, क्वार्कच्या पानाशेजारी उघडून, कारण एकेक जोडाक्षर मूळ पानाशी ताडून बघितल्याशिवाय ते कुठल्याही मजकुराला बरोबर म्हणणार नाहीत. त्यांचं बरोबर आहे. दर्या आणि दऱ्या यांत गल्लत झाली तर स्पेलचेक काही सांगत नाही, दोन्ही शब्द आहेतच.

तर कोड मागे न्यायला बसलो. सॉफ्टवेअर पुढच्या सिस्टिमवर न्यायचं असेल तर सगळं जग मदतीला असतं, मागे न्यायचं तर एकेक पायरी आपली आपल्याला उतरावी लागते. टायगरवर प्रोग्रॅम लिहायचं साधन म्हणजे एक्सकोड २.५, त्यात कंपायलर जीसीसी ४.०. म्हणजे ॲप ज्या भाषेत लिहिलंय त्या ऑब्जेक्टिव्ह-सीची २.० आवृत्ती नाही, ते लेपर्डबरोबर आलं, म्हणून प्रॉपर्टी नाहीत, फॉर-इन नाही. एनएसइंटिजर नाही. ब्लॉक्स आणि मागच्या मागे कामं रांगेने उरकणाऱ्या डिस्पॅच क्यू २००९ च्या स्नो लेपर्डचे, तेही नाहीत. आणि एआरसी, म्हणजे कंपायलरने स्वतःच रिटेन-रिलीज, वस्तू धरून ठेवणं आणि सोडणं, घालून देणं, ते २०११ चं आणि ३२ बिटच्या मॅक प्रोग्रॅमला ते मिळालंच नाही. एकेक गोष्ट काढत गेलो. जिथे मेमरीबद्दल एक शब्द लिहिलेला नव्हता तिथे आता प्रत्येक ऑब्जेक्टमागे विचारायचं की हे कुणाचं आहे. नियम तसा लहानच आहे: अलॉक, न्यू, कॉपी यांनी मिळवलेलं किंवा स्वतः रिटेन केलेलं आपलं, ते आपण सोडायचं, बाकी काही आपलं नाही, त्याला हात लावायचा नाही. लहान नियम, पण हजारो ओळींत तो पाळायचा म्हणजे प्रत्येक ओळीपाशी थांबणं आलं.

आता ती ओळ. एखाद्या फंक्शनने नवीन स्ट्रिंग बनवून परत दिली तर अडचण अशी की बनवणाऱ्याने ती लगेच सोडली तर घेणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, आणि नाही सोडली तर घेणारा ती आपली समजत नाही, म्हणून ती कुणीच सोडत नाही. यावर तोडगा म्हणून ऑटोरिलीज. वस्तू एका पूलमध्ये नोंदवायची, म्हणायचं हिची आत्ता गरज आहे, थोड्या वेळाने सोड. पूल रिकामा झाला की त्यात नोंदवलेल्या सगळ्यांना एकेक रिलीज मिळतो. पूल थ्रेडपुरता, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एका कामापुरता असतो आणि एकात एक असे रचता येतात, वस्तू सगळ्यात आतल्यात जाते. मुख्य थ्रेडवर खिडक्या-बटणं सांभाळणारं मॅकचं ॲपकिट स्वतःच प्रत्येक इव्हेंटला, म्हणजे प्रत्येक क्लिकला, प्रत्येक कीला, नवा पूल मांडतं आणि काम झालं की रिकामा करतं, म्हणून तिथे काही जाणवत नाही. पण तुम्ही वेगळा थ्रेड काढला आणि त्यावर पूल मांडला नाही, तर ऑटोरिलीज म्हटलेल्या वस्तूला जायला जागाच नाही. मग टायगर ती ओळ लिहितो आणि वस्तू तशीच सोडून देतो. पुन्हा तिच्याकडे कुणी बघत नाही.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा काकांना हे जमेल तसं सांगितलं, आणि ते एकदम म्हणाले, "म्हणजे खिळे परत न टाकण्यासारखं."

त्यांच्या वडिलांच्या काळी तिथे पायाने चालवायचं छपाईयंत्र, ट्रेडल होतं, शिशाचे खिळे, म्हणजे एकेक अक्षराचे टाइप होते. काकांचं शाळेतून आल्यावरचं काम ते. फर्मा छापून झाला की दोऱ्याने बांधलेला मजकूर सोडायचा, शाई पुसायची, आणि एकेक खिळा उचलून केसमधल्या त्याच्या त्याच्या घरात परत टाकायचा. मराठीच्या केसमध्ये घरं किती, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, इकडच्या मात्रा तिकडच्या मात्रा, रोमनच्या कितीतरी पट. बोटं काळी, नखांत शाई, आणि घाई केली की म चा खिळा भ च्या घरात, आणि तो दुसऱ्या दिवशी कुणाच्यातरी लग्नपत्रिकेत निघायचा. "कंपोझिटर जुळवत जायचे, त्यांचं कौतुक व्हायचं," काका म्हणाले, "पण काने संपले की सगळे माझ्याकडे बघायचे." खिळे मोजकेच. पुढचं पान जुळवायला काना हवा आणि तो मागच्या आठवड्याच्या न सोडवलेल्या फर्म्यात अडकलेला, म्हणजे काम थांबलं. नवे खिळे विकत आणायचे तर पैसे, आणि चांगल्या खिळ्यांना तर जास्तच, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे म्हणजे वडील कसे जपायचे ते काका अजून सांगतात. मला हे इतकं पटलं की नंतर सबंध काम करताना माझ्या डोळ्यांसमोर पॉइंटर नव्हतेच, खिळेच होते. शिशाच्या छपाईत वस्तू परत करणं हे एक वेगळं काम म्हणून सगळ्यांना दिसत होतं, त्याला माणूस नेमलेला होता, मुलगा का होईना.

शोध तसा सोपा होता, जीडीबीत, म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून आत बघायच्या साधनात, त्या इशाऱ्याच्याच फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावायचा, ॲप थांबलं की बॅकट्रेस बघायचा, कुणी कुणाला हाक मारली ते खालून वर वाचत जायचं. जवळजवळ सगळे माग एकाच ठिकाणी जात होते. नव्या मॅकवर मी रूपांतराचं काम डिस्पॅच क्यूवर टाकत होतो, खिडकी अडकू नये म्हणून. टायगरवर क्यू नाही म्हणून त्याजागी साधा एनएसथ्रेड आला. आणि डिस्पॅच क्यू स्वतःचा पूल स्वतः मांडते, एनएसथ्रेड मांडत नाही. म्हणजे मी कोडमधून जी गोष्ट काढली होती तिच्याबरोबर एक न दिसणारी दुसरी गोष्टही निघून गेली होती. हे मला फार वेळ विचारात पाडत राहिलं. नवी सिस्टिम तर याच्याही पुढे गेलीये. आताच्या रनटाइमवर, म्हणजे ही भाषा चालवणाऱ्या सिस्टिमच्या भागात, एखाद्या थ्रेडला पूल नसला तरी तो गुपचूप सांभाळून घेतो, थ्रेड संपला की आवरून टाकतो, आणि एक शब्द बोलत नाही, ती जुनी ओळ बघायची असेल तर मुद्दाम एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून मागावी लागते. हे वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. लाखो प्रोग्रॅम त्यामुळे नीट चालतात. पण एखादी वस्तू कधी सोडायची हा प्रश्न त्यामुळे सुटलेला नसतो, तो फक्त विचारला जात नाही. टायगर विचारतो. मी या सबंध प्रकरणात टायगरच्या बाजूचा झालो.

थ्रेडच्या सुरुवातीला एक पूल मांडला, शेवटी सोडला. दोन ओळी. कन्सोल जवळजवळ स्वच्छ, थोड्याच ओळी राहिल्या. इथे थांबता आलं असतं, आणि बरेच जण इथेच थांबतात, कारण इशारा गेला म्हणजे काम झालं असं सगळ्यांना वाटतं. पण शेजारी टर्मिनलमध्ये, कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारं, टॉप चालू होतं आणि त्यातला मेमरीचा आकडा आधी जसा चढत होता तस्साच चढत होता, तिळमात्र फरक नाही. आधी वस्तू कधीच सुटत नव्हत्या, आता सगळं फोल्डर संपल्यावर एकदम सुटणार होत्या, पण तोपर्यंत तितक्याच साठत होत्या. सगळं पुस्तक छापून होईपर्यंत एकही खिळा घरात टाकायचा नाही, असं.

हिशोब करून बघितला. टायगरवर एका स्ट्रिंगमध्ये बदल करून नवी स्ट्रिंग देणारं तयार मेथड नाही, ते लेपर्डपासून आहे, म्हणून पोर्ट करताना सगळेच त्याच नावाचं एक छोटं स्वतःचं मेथड जोडतात, तसं इथेही होतं. ते दर वेळी सबंध मजकुराची नवी प्रत बनवून ऑटोरिलीज करून देतं. एका लेखात लाखभर अक्षरं धरा, एकेकाला दोन बाइट, म्हणजे २०० केबी. नकाशातले नियम ३०० धरा, कारण जोडाक्षरं. म्हणजे एका फायलीमागे ६० एमबी टाकाऊ प्रती. काकांच्या मशीनमध्ये रॅम १ जीबी, आणि शेजारी क्लासिकमध्ये क्वार्क उघडं. एका अंकाचे लेख होईतो मशीन स्वॉप करायला, म्हणजे रॅमऐवजी डिस्क वापरायला लागतं, ते ऐकूच येतं, पंख्यांच्या आवाजाच्या खालून डिस्कची खरखर सुरू होते, माऊस उड्या मारत सरकतो, क्वार्कचं पान एकेक पट्टी करून उमटतं. आणि ३२ बिटच्या प्रोसेसला डिस्क कितीही असली तरी ४ जीबीच्या पलीकडे पत्ताच नाही, मग मेमरी मागितली की मिळत नाही आणि ॲप पडतं, अर्धं फोल्डर झालेलं, अर्धं राहिलेलं, आणि कुठपर्यंत झालं ते शोधायचं काम काकांच्या गळ्यात. नव्या मॅकवर याच ६० एमबीकडे कोण बघणार, तिथे ब्राउझरचा एक टॅब त्याहून जास्त खातो.

मग खरं काम केलं. प्रत्येक फायलीसाठी आत एक वेगळा पूल, फाइल झाली की तो रिकामा. आणि नव्या नव्या प्रती बनवण्याऐवजी फायलीमागे एकच बदलता येणारी स्ट्रिंग, तिच्यातच सगळे नियम लावायचे, ते मेथड टायगरवर आहे. आकडा चढायचा थांबला, थोडा वर, थोडा खाली, श्वास घेतल्यासारखा. पण आतले पूल आले की त्यांच्याबरोबर दुसरं दुखणं येतं, आणि हे इशारा न देणारं दुखणं आहे. आतल्या पूलमध्ये तयार झालेलं उत्तर बाहेर द्यायचंय आणि पूल आधीच रिकामा केला, तर उत्तरही गेलं. म्हणून पूल सोडायच्या आधी उत्तर रिटेन करायचं, पूल सोडायचा, मग बाहेरच्या पूलमध्ये ते पुन्हा ऑटोरिलीज करायचं. हा क्रम जरा इकडचा तिकडे झाला की ॲप कधी चालतं कधी पडतं. त्यातही एरर ऑब्जेक्ट फसवतात: फाइल वाचता आली नाही तर कारण सांगणारा एनएसएरर आतल्याच पूलमध्ये जन्मतो, पूलबरोबर जातो, आणि नेमकं जेव्हा काहीतरी बिघडलंय तेव्हाच, बिघाड सांगायच्या वेळीच, ॲप पडतं. अशा वेळी झॉम्बी चालू करायचे, म्हणजे मेलेल्या वस्तू खरोखर सोडायच्या नाहीत, त्यांच्या जागी एक खूण ठेवायची, आणि कुणी तिला हाक मारली की लगेच कळतं. रात्री उशिरा घरी एका जुन्या आयबुक लॅपटॉपवर बसून मी प्रत्येक फायलीची परवानगी काढून, नाव बदलून, मधेच डिस्क काढून बघत होतो की एरर नीट बाहेर येतोय ना. बायको म्हणाली, "चाललंय ना आता?" चाललं होतं. पण काका ते वापरणार तेव्हा मी शेजारी नसेन.

इथे मला इंजिनिअरिंगची ती लॅब आठवते. पुण्यात त्या काळी शिकलेल्या कुणालाही ती आठवेल, निळ्या स्क्रीनचं टर्बो सी, ट्यूबलाइटचा गूं आवाज, चपला बाहेर काढून आत जायचं, कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून. लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम प्रत्येकाच्या जर्नलमध्ये तोच होता, वर्षानुवर्षं सीनियरकडून ज्युनियरकडे आलेला, त्यात मेमरी घेणारा मॅलॉक होता आणि ती परत करणारा फ्री कुठेच नव्हता, आणि तो तसाच सही होऊन सबमिट व्हायचा. एका व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी आमच्या बॅचच्या एका मुलीला विचारलं, "हा नोड घेतलास, तो सोडणार कोण?" ती शांतपणे म्हणाली, सर, प्रोग्रॅम संपला की सगळं सुटतंच. सर म्हणाले, "आणि प्रोग्रॅम संपलाच नाही तर?" मग त्यांनी तिला पूर्ण मार्क दिले, कारण तिचं उत्तर बरोबरच होतं. मला त्या दोघांचंही तेव्हापासून पटत आलंय. प्रोसेस संपली की ओएस तिची सगळी मेमरी काढून घेते हे अगदी खरं आहे, क्षणभर चालून संपणाऱ्या कमांडमध्ये सोडण्याचा सोस करण्यात अर्थ नाही, उलट वेळ जातो. पण काकांचं ॲप सकाळी अगरबत्ती लावल्यावर उघडलं जातं आणि रात्री शटर ओढताना बंद होतं. त्याला सरांचा प्रश्न लागू आहे.

राहिलेल्या थोड्या ओळी ॲप उघडतानाच येत होत्या, मेन, म्हणजे प्रोग्रॅमचं मुख्य फंक्शन, सुरू व्हायच्याही आधी. फाँटचे नकाशे प्लस-लोड मेथडमध्ये भरले जात होते आणि ते मेथड क्लास मेमरीत येताक्षणी चालतं, तेव्हा पूल कुठला, कुणीच आलेलं नसतं अजून. नव्या रनटाइममध्ये लोड मेथडांभोवतीही पूल मांडलेला असतो, म्हणून तिकडे गप्प. ते सगळं इनिशियलाइझमध्ये हलवलं, जे क्लासला पहिली हाक मारल्यावर चालतं, तोवर पूल आलेला असतो. आणि त्यात एक फायदा असा की ज्या फाँटचा नकाशा लागलाच नाही तो आता भरलाही जात नाही, ॲप पटकन उघडतं. हे सांगण्यासारखं मोठं नाही, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेने मेमरीबाबत किती वळणं घेतली याचं मला कायम कुतूहल वाटतं. ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती केली, नेक्स्ट या कंपनीने घेतली, आणि एनएस हा जो प्रत्येक क्लासच्या नावाआधी लागतो तो नेक्स्टच्याच घरून आलेला. ॲपलने नेक्स्ट विकत घेतल्यावर ते सगळं मॅकमध्ये आलं. मग लेपर्डमध्ये गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको झालेल्या वस्तू आपोआप उचलणं, आलं, म्हणे आता मोजायलाच नको. २०१२ मध्ये ते जुनं ठरवलं, २०१६ च्या सिएरामधून काढूनच टाकलं. एआरसी राहिलं, आणि एआरसी म्हणजे तेच रिटेन, तेच रिलीज, फक्त कंपायलरच्या हातचं. म्हणजे बऱ्याच वर्षांनी पुन्हा त्याच मोजणीवर येऊन थांबले. हे कळल्यापासून हाताने मोजणं मला मागासलेलं वाटत नाही. कॉक्स २०२१ मध्ये गेले. त्याच वर्षी टेनफोरफॉक्सनेही नियमित आवृत्त्या थांबवल्या, टायगरवर पॉवरपीसीसाठी फायरफॉक्स चालू ठेवणारं ते काम, दहा वर्षांच्या वर. एवढा अवजड ब्राउझर ॲपलने सोडून दिलेल्या मशीनवर इतकी वर्षं चालवणं याची मेहनत काय असेल ते, मी केलेल्या या एवढ्याशा पोर्टनंतर, मला थोडंफार समजतं. कुणी विचारतं की कुणासाठी? एका प्रेसमधल्या एका माणसासाठीही पुरेसं आहे असं माझं मत झालंय, कारण त्या एका माणसाकडे गावोगावच्या लेखकांचं असं लिखाण आहे जे दुसरीकडे कुठेच नाही, छापलेल्या प्रती वाळवीने खाल्ल्या, लेखक गेले, आणि मजकूर क्वार्कच्या फायलीत बसलाय.

मनात दुसरंही येतं, लपवत नाही. ते मशीन किती दिवस? पॉवर सप्लाय एकदा बदलून झालाय, दुसरा मिळेलच असं नाही, आणि मग ॲपची मेमरी चोख असली काय नसली काय. कधीकधी वाटतं ही सगळी मेहनत एमुलेटरवर, म्हणजे नव्या मशीनमध्ये जुन्याची नक्कल चालवण्यावर, घालवायला हवी होती. पण काका एमुलेटरमध्ये पान ताडून बघणार नाहीत, आणि काका आहेत तोवरच ताडून बघण्याला अर्थ आहे, कुठल्या अंकात कुठला शब्द कुणी हट्टाने कसा लिहिला होता हे त्यांच्याच डोक्यात आहे. तेव्हा सध्या हे असंच बरोबर आहे.

आता ॲप रोज चालतं, कन्सोल स्वच्छ असतो, आणि अडलंय ते दुसरीकडेच. १९९७-९८ च्या अंकांत वापरलेल्या एका फाँटमध्ये 'वाऱ्यावर' या शब्दातल्यासारख्या अर्ध्या र ची जागा दोन आवृत्त्यांत वेगवेगळी आहे, आणि कुठली फाइल कुठल्या आवृत्तीत जुळवली ते फाइल सांगत नाही, म्हणून एकेक पान उघडून काका मला सांगतात आणि मी नकाशा दुरुस्त करतो. ज्यांच्याकडे अशी जुनी मॅक आहेत त्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. मजकूर काढाल तेव्हा फाँटही जपा, आणि तो पेनड्राइव्हवर घालून विंडोजच्या मशीनवरून फिरवू नका. जुन्या मॅक फाँटची सगळी माहिती रिसोर्स फोर्कमध्ये, म्हणजे फायलीच्या फक्त मॅकला दिसणाऱ्या दुसऱ्या भागात असते, ती वाटेत गळून पडते, आणि पलीकडे नुसतं नाव पोचतं, आकार शून्य केबी. आधी मॅकवरच स्टफइट या फायली बांधायच्या प्रोग्रॅममध्ये किंवा डिस्क इमेजमध्ये बांधा, मग हलवा. फाँट गेला तर ते डॉलर आणि टोपीवाली अक्षरं कुठल्या नकाशाने वाचायची ते ठरवता येत नाही, मग माझं ॲप असो की आणखी कुणाचं. आणि अर्ध्या र चा तो नकाशा कुणाकडे आधीच लावलेला असेल तर मला जरूर कळवा, काकांच्या कपाटात त्या फाँटमधले अजून बरेच अंक उघडायचे राहिलेत.